कोल्काला जावं का? आधी हातात किती रात्री आहेत ते मोजा

दक्षिण पेरूचा बेत आरेकिपापर्यंत सुरळीत आखला जातो. पांढऱ्या सियार दगडात बांधलेलं देखणं शहर, माथ्यावर मिस्ती ज्वालामुखी, खाण्यापिण्याची चंगळ, आणि उंची २,३३५ मीटर, म्हणजे डोकं फार न दुखवणारी. घोळ सुरू होतो तो शहराच्या चौकात. दर दोन दुकानांआड पंख पसरलेल्या कोंडोर पक्ष्याचं चित्र आणि खाली 'कोल्का : एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस'. पुढे पुनो आणि कुस्कोची तिकिटं काढलेली असतात, मधे दोन-तीन दिवस मोकळे असतात, आणि मनात एकच प्रश्न : एवढ्या लांब जाऊन ती कोल्काची दरी बघावी का?

'दरी छान आहे का' या प्रश्नात काही दम नाही. छान आहेच. तिथे किती रात्री काढता येतील आणि त्या कोणत्या उंचीवर, हे आधी ठरवा. जायचं की नाही ते त्यातूनच आपोआप ठरतं. शून्य रात्री असतील तर आमचं मत सरळ आहे : जाऊ नका. एक रात्र असेल तर विचार करा. दोन असतील तर डोळे मिटून जा, फक्त महिना बघून.

आता हे असं का, ते नकाशावरून बघू.

आरेकिपाहून चिवाय हे कोल्का खोऱ्यातलं मुख्य गाव रस्त्याने साधारण १६० किलोमीटर. मधे सालिनास इ आग्वादा ब्लांका हे १९७९ पासूनचं राखीव क्षेत्र लागतं. उघडं, वाऱ्याचं पठार. रस्त्याच्या कडेला विकुन्यांचे, म्हणजे लामाच्या रानटी भाईबंदांचे कळप, पुढे लामा आणि अल्पाका. मग पातापाम्पाची खिंड. उंची सुमारे ४,९१० मीटर. तिथून रस्ता एकदम उतरतो आणि ३,६३५ मीटरवरच्या चिवायला पोचतो. एवढ्याला साडेतीन ते चार तास.

आणि इथे पहिली निराशा. चिवायला उतरून माणूस इकडेतिकडे बघतो आणि विचारतो, दरी कुठाय? समोर रुंद, मोकळं खोरं असतं. कड्यांऐवजी शेतांच्या पायऱ्या. या पायऱ्या इंकांच्याही आधीपासून इथल्या कोयाग्वा आणि काबाना लोकांनी बांधत आणलेल्या, आजही कसल्या जाणाऱ्या. बघण्यासारख्या आहेतच, पण ज्याला खोल दरी म्हणतात ती अजून पुढे, पश्चिमेला आहे. नदी यांके, माका, पिंचोयो अशी गावं मागे टाकत जाते तशी खाली खाली रुतत जाते. क्रूस देल कोंडोर हा प्रसिद्ध कठडा चिवायहून आणखी चाळीसेक किलोमीटरवर, आणि काबानाकोंदे हे दरीच्या काठावरचं गाव त्याच्याही पुढे. म्हणजे आरेकिपा ते कठडा जाऊन-येऊन चारशे किलोमीटर, दोन्ही वेळा ४,९१० मीटरची खिंड ओलांडून. हे एका दिवसात करायचं म्हणजे काय, ते बघा.

पहाटे तीनच्या सुमारास गाडी हॉटेलच्या दारात येते. खिंड अंधारात किंवा नुकतं उजाडताना पार होते, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, काचांवर आतून वाफ, त्यामुळे पठारही दिसत नाही आणि विकुन्याही. चिवायला न्याहारी, प्रवेशाचं तिकीट, मग साडेआठ-नऊला कठड्यावर. तिथे तासभर. परत फिरताना दोन-तीन गावांत दहा-दहा मिनिटं, तिथे टोपीवर गरुड घेऊन फोटोसाठी पैसे मागणारे लोक, चिवायला जेवण, पुन्हा खिंड, संध्याकाळी पाच-सहाला आरेकिपा. पंधरा तासांतले नऊ-दहा गाडीत, दरीसमोर एक. शिवाय आदल्या रात्रीची झोप गेलेली, आणि अपुऱ्या झोपेच्या माणसाला तासाभरात अडीच हजार मीटर वर नेलं तर... तासाभरात नाही, अडीच-तीन तासांत, पण शरीराला तेवढा फरक कळत नाही. उलट्या करणारी मंडळी याच गाड्यांत जास्त दिसतात, आणि गाडी कुणासाठी फार वेळ थांबत नाही.

खोलीचा आकडा

माहितीपत्रकांत कोल्काची खोली ३,२७० मीटर दिलेली असते आणि लगेच पुढे 'ग्रँड कॅन्यनच्या दुप्पट' असं वाक्य येतं. आकडा खोटा नाही, पण तो नदीपासून आजूबाजूच्या शिखरांच्या माथ्यापर्यंतचा आहे. क्रूस देल कोंडोरला तुम्ही सुमारे ३,७०० मीटरवर उभे असता आणि पायाखालची नदी साधारण १,२०० मीटर खाली असते. डोळ्यांना दिसणारी खोली ही. अमेरिकेतल्या दरीसारख्या लालभडक, सरळ कापलेल्या भिंतींची अपेक्षा घेऊन येणाऱ्याला हे सगळं करडं-तपकिरी, उतरतं आणि जरा विस्कळीत वाटतं. कोल्काची गंमत भिंतींत कमी आणि उतारावर माणसं राहतात यात जास्त आहे. पलीकडच्या अंगावर पायवाटेच्या रेघेला लटकलेलं गाव, त्याच्याभोवती शेतांचा हिरवा ठिपका. हे कठड्यावरून पाच मिनिटांत बघून होतं. खाली उतरलं तरच कळतं.

पाण्यातून ही दरी सलग पार करणं कोणालाही जमलं नव्हतं. १९८१ मध्ये क्राकोहून आलेल्या पोलिश कायाकवाल्यांच्या तुकडीने ते केलं. त्याआधी १९३१ मध्ये शिपी आणि जॉन्सन या दोन अमेरिकनांनी विमानातून या खोऱ्याचे फोटो काढले, आणि बाहेरच्या जगाला खोरं माहीत झालं ते त्या फोटोंमुळे. 'दुर्गम' हा शब्द जाहिरातीत फार स्वस्त झालाय, पण इथे तो अगदीच पोकळ नाही.

कोंडोर कधी दिसतात, कधी नाही

बऱ्याच लोकांचा निर्णय या एका पक्ष्यावर अडतो, म्हणून जरा सविस्तर.

अँडियन कोंडोर हा उडणाऱ्या पक्ष्यांतल्या सर्वात वजनदारांपैकी एक. मोठा नर पंधरा किलोपर्यंत, पंखांचा पसारा तीन मीटरच्या आसपास. एवढं धूड पंख मारत फार काळ उडू शकत नाही. त्याला तापून वर चढणारी हवा लागते. रात्री तो दरीतल्या कपारींत बसतो. सकाळी उन्हाने कडे तापले, हवा वर सरकू लागली की तिच्यावर स्वार होऊन घिरट्या घालत काठाच्या उंचीला येतो. तो क्षण म्हणजे साधारण आठ ते दहा. त्या वेळी तो तुमच्या डोळ्यांसमोरून, कधी तर डोळ्यांच्या खालून जातो. दहा-साडेदहानंतर हवा इतकी जोरात वर जाते की पक्षी उंच आणि दूर निघून जातात, मग आकाशात नुसते ठिपके.

यातून दोन गोष्टी निघतात. ढगाळ, पावसाळी सकाळी कडे तापत नाहीत, मग कोंडोर उशिरा उठतात किंवा उठतच नाहीत. त्यामुळे जानेवारी ते मार्चमध्ये ही सगळी लॉटरी. दुसरं, काबानाकोंदेत मुक्काम असेल तर सकाळच्या पहिल्या गाडीने कठड्यावर पोचता येतं आणि आरेकिपा-चिवायकडच्या गाड्यांचा लोंढा यायच्या आत चांगली जागा मिळते. जे तपकिरी दिसतात ते अल्पवयीन. गळ्याभोवती पांढरी पिसं आणि पंखांवर पांढरा पट्टा असलेले काळे ते प्रौढ, आणि त्यांत डोक्यावर तुरा असेल तर नर. दुर्बीण न्या, मोबाइलच्या झूमवर भिस्त ठेवू नका.

उंचीचा हिशेब

चुका होतात त्या इथे.

पर्वतारोहणातला ठोकताळा असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. आता आरेकिपा २,३३५ आणि चिवाय ३,६३५. एका उडीत तेराशे मीटर. लिमाहून, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरून, विमानाने आरेकिपाला येऊन दुसऱ्याच पहाटे कोल्काची गाडी धरणाऱ्याचं काय होतं, ते सांगायला नको. पातापाम्पाला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याहून जेमतेम थोडा जास्त असतो. तिथे लोक खाली उतरून दगडांच्या उतरंडी रचतात, फोटोसाठी धावतात, आणि पुढच्या तासाभरात डोकं धरून बसतात. खिंडीत गाडीतून उतरा, पण सावकाश चाला, पाच-दहा मिनिटांत परत बसा.

आधी आरेकिपात किमान दोन पूर्ण रात्री काढा. कुस्कोहून (३,४०० मीटर) किंवा पुनोहून (३,८२७ मीटर) येत असाल तर शरीर आधीच सरावलेलं असतं आणि हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी निम्मा होतो. प्रवासाचा क्रम अजून हातात असेल तर लिमा, आरेकिपा, कोल्का, पुनो, कुस्को असा ठेवणं शहाणपणाचं.

असेटाझोलामाइड हे औषध अनेक जण घेतात. प्रतिबंधासाठीचा नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. पण डॉक्टरांना विचारूनच, आणि सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं. पहाटे तीनच्या गाडीत ही दुसरी गोष्ट विनोदी राहत नाही. कोकाच्या पानांचा चहा सगळीकडे मिळतो, बरंही वाटतं, मात्र कामाच्या ठिकाणी अमली पदार्थांची चाचणी होणार असेल तर तो टाळा, कारण चाचणीत ते उतरू शकतं. दारू पहिल्या दोन रात्री नको, आणि रात्रीचं जेवण हलकं.

एक गोष्ट मात्र फार कमी ठिकाणी लिहिलेली दिसते. डोकेदुखी वाढतच गेली, चालताना तोल जाऊ लागला, बसल्या जागी धाप लागू लागली, तर उपाय एकच, खाली उतरणं. चिवायहून आरेकिपाकडे 'खाली' जायचं तर आधी त्याच ४,९१० मीटरच्या खिंडीवर चढावं लागतं. चिवाय ही एक प्रकारची वाटी आहे, आत जाणं सोपं. म्हणून पहिल्या रात्री त्रास जाणवला तर सकाळपर्यंत थांबून बघू असं न करता रात्रीच हॉटेलला सांगा. बऱ्याच ठिकाणी ऑक्सिजनचं नळकांडं असतं, आणि गावात आरोग्य केंद्रही आहे. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, किंवा सोबत तान्हं मूल असेल, तर आमच्या मते हा रस्ताच सोडा. आरेकिपा आहे तेवढं सुंदर.

झोपायला चिवायपेक्षा यांके (सुमारे ३,४२०) बरं आणि काबानाकोंदे (सुमारे ३,२९०) त्याहून बरं. दोन-तीनशे मीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पहिल्या रात्री उशीवर किरकोळ राहत नाही. आणि खरी मेख पुढे आहे : दरीच्या तळाचं सांगाये हे ठिकाण जवळपास २,१८० मीटरवर, म्हणजे आरेकिपापेक्षाही खाली. दरीत उतरणारा माणूस रात्री छान झोपतो. चिवायच्या हॉटेलात आरामाची सहल घेणारा मात्र रात्रभर कूस बदलत राहतो. उंचीची धास्ती असलेल्यांनी कधीकधी उलटं करावं ते यासाठी. अट एकच, गुडघे धड असले पाहिजेत.

खाली उतरायचं असेल तर

सह्याद्रीत भटकणाऱ्याच्या अंगात एक हिशेब मुरलेला असतो : सकाळी ताज्या पायांनी चढायचं, परतीला उतरायचं, दमलो तरी उतारच आहे. कोल्कात तो उलटा होतो. आधी हजार मीटर उतार, तो मजेत संपतो, आणि घरी जायची वाट म्हणजे सगळा चढ. थकलो म्हणून मधूनच परत फिरायची सोय नाही.

रूढ वाट अशी. काबानाकोंदेच्या थोडं अलीकडे सान मिगेलच्या सज्जापासून उतरायला सुरुवात. सुमारे एक हजार मीटर उतार, तीन तास, सगळी सुटी खडी आणि धूळ, सावली नाही. खाली पूल, पलीकडे सान हुआन दे चुच्चो. तिथून थोडं चढून कोसन्यिर्वा आणि मालाता ही गावं, मग परत उतरून सांगाये, ज्याला सगळे 'ओआसिस' म्हणतात : ताडाची झाडं, पोहायचे हौद, साध्या खोल्या. दुसऱ्या दिवशी सांगायेहून काबानाकोंदे, अकराशे मीटरचा एकसलग चढ. सराव असेल तर तीन तास, नसेल तर चार-पाच. निघायचं पहाटे साडेचार-पाचला, कारण एकदा ऊन त्या भिंतीवर आलं की वाट तापलेल्या तव्यासारखी होते.

दोन दिवसांच्या सहलीत पहिल्या दिवशी हे सगळं एका दमात उरकतात, तेही पहाटे तीनला उठून, कोंडोर बघून, दहाच्या उन्हात चालायला सुरुवात करून. दम निघतो. तीन दिवसांची घेतली तर पहिली रात्र सान हुआनला, दुसरी सांगायेला, चालणं रोज तीन-चार तासांचं, आणि मधल्या गावांत जरा बसता येतं. वाट तीच. एक दिवस जास्त द्यायला जमत असेल तर तोच घ्या. गर्दी नको असेल तर काबानाकोंदेहून यावारकडे उतरा. तिथे नदीच्या काठावर गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि दुसऱ्या दिवशी कडेकडेने सांगायेला येऊन वर चढता येतं. वाटाड्या सक्तीचा नाही. मुख्य वाटा ठळक आहेत, हरवण्याचा प्रश्न शॉर्टकट घेणाऱ्यांना आणि अंधार पडेपर्यंत रेंगाळणाऱ्यांना येतो. पण एकटे असाल तर मुक्कामाच्या जागी कुठे जाताय आणि कधी पोचाल ते सांगून निघा, मोबाइलची रेंज खाली भरवशाची नसते.

काय बिघडतं? सर्वात आधी पायाचे अंगठे. लांब उतारावर बोटं बुटाच्या टोकाला आपटत राहतात आणि नखं काळी पडतात. नखं आदल्या दिवशी कापा, उतारावर बुटाची नाडी घोट्यापाशी घट्ट बांधा. मग गुडघे, दोन काठ्या असतील तर थोडा भार हातांवर जातो, आरेकिपात भाड्याने मिळतात. मग पाणी. प्रत्येकी तीन लिटर घेऊन उतरा. चढाच्या वाटेवर पाणी नाही, मुक्कामी बाटलीबंद पाणी मिळतं पण खेचरावरून आलेलं असल्याने महाग, आणि नदीचं पाणी गाळल्या-उकळल्याशिवाय पिऊ नका. त्यानंतर घसरगुंडी, विशेषतः शेवटच्या तासात, जेव्हा सगळ्यांना हौद दिसू लागलेला असतो.

चढ झेपणार नाही असं वाटत असेल तर खेचर मिळतं. मात्र आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं. अर्ध्या चढावर बसकण मारून खेचर मागवता येत नाही. पैसे रोख, आधी ठरवून. आणि खेचरावर बसणं म्हणजे आराम हा गैरसमज : वळणावर ते नेमकं दरीच्या कडेने चालतं. उंचीची भीती असणाऱ्याने पायीच चढलेलं बरं.

सामान कमी. एक रात्रीचं बिऱ्हाड पाठीवर, बाकीचं आरेकिपाच्या हॉटेलात ठेवून या, बहुतेक ठिकाणी तशी सोय असते. कपड्यांचं कोडं जरा विचित्र, कारण एकाच सहलीत शून्याखालचं तापमान आणि तीस अंशांकडे झुकणारी दुपार दोन्ही भेटतात. जून-जुलैत चिवायच्या रात्री पाणी गोठतं. सांगायेला त्याच दिवशी लोक पोहत असतात. जाड एक कोट न घेता पातळ तीन थर घ्या. कानटोपी, हातमोजे, गॉगल, टोपी, उन्हाचं मलम. हवा थंड असली तरी या उंचीवर ऊन भाजून काढतं, आणि पहिल्या दिवशी मान आणि कान सोलपटतात.

शाकाहारींनी नुसतं 'वेगन' किंवा 'व्हेजिटेरियन' म्हणून भागवू नये. स्पॅनिशमधल्या 'कार्ने' (मांस) या शब्दात कोंबडी आणि मासे कित्येकदा धरतच नाहीत. तेव्हा 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं तिन्ही एका दमात म्हणा. किन्वाचं सूप, बटाटे, भात, अंडी हे सगळीकडे मिळतं. सूप मांसाच्या रश्शात केलेलं असू शकतं, तेवढं विचारून घ्या.

महिना, तिकीट, रस्ता

पाऊस डिसेंबर ते मार्च, त्यातही जानेवारी-फेब्रुवारी जोरात. तेव्हा पायऱ्यांची शेतं हिरवीगार असतात पण वाटेवर दगड घरंगळतात, रस्ते खचतात आणि कोंडोर रुसतात. माका गाव तर हळूहळू सरकणाऱ्या जमिनीवर वसलेलं आहे, तिथला रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो. जून ते ऑगस्ट आकाश स्वच्छ, थंडी कडक, गर्दी जास्त. २८ आणि २९ जुलैच्या राष्ट्रीय सुट्ट्यांना पेरूतलेच लोक मोठ्या संख्येने येतात. जुलैच्या मध्यात काबानाकोंदेत व्हिर्हेन देल कार्मेनची जत्रा असते, खोली आधी धरा. आम्हाला विचाराल तर मे. हिरवं अजून शिल्लक, आभाळ उघडलेलं, गर्दी अजून यायची असते. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आलात तर चिवायच्या रस्त्यांवर वितिती नाच बघायला मिळतो, ज्यात पुरुष घागरे घालून नाचतात. २०१५ मध्ये युनेस्कोच्या यादीत तो गेला. दरीसाठी हा मुहूर्त नव्हे.

सबानकाया ज्वालामुखी २०१६ च्या नोव्हेंबरपासून धूर आणि राख ओकतोय. रस्त्यावरून त्याचा करडा झुपका सहज दिसतो. बहुतेक दिवशी प्रवाशाला त्याचा त्रास नाही, पण वारा खोऱ्याकडे असला तर राख येते. लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा आणि एखादा मास्क जवळ ठेवावा.

खोऱ्यात शिरताना 'बोलेतो तुरिस्तिको' काढावं लागतं. परदेशी प्रवाशांना गेली काही वर्षं ते ७० सोलला (सोल हे पेरूचं चलन) होतं, दक्षिण अमेरिकेतल्यांना आणि पेरूच्या नागरिकांना कमी. सहलीच्या जाहिरातीतल्या किमतीत हे बहुधा धरलेलं नसतं, आणि स्वस्त एक दिवसाच्या सहलीत कधीकधी तिकीटच सहलीच्या किमतीच्या जवळ जातं. गरम पाण्याच्या कुंडांचे पैसे वेगळे, दुपारचं जेवणही बहुधा वेगळं. बुक करताना हे तीन प्रश्न विचारा, म्हणजे नंतर तोंड वाईट व्हायला नको. आरेकिपाला परतेपर्यंत तिकीट फेकू नका, पुन्हा तपासतात. रोख सोल आरेकिपातूनच न्या, लहान नोटांत. शंभराची नोट काबानाकोंदेत सुटी करणं हे एक स्वतंत्र काम आहे, आणि दरीच्या तळाशी तर अशक्य.

सहल न घेता जायचं तर आरेकिपाच्या बस स्थानकावरून चिवायमार्गे थेट काबानाकोंदेपर्यंत साध्या बस आहेत, सुमारे सहा तास. पैसे खूप कमी, शिवाय दिवसाची बस धरली तर पठार उजेडात दिसतं. गैरसोय एवढीच की बस मोजक्या आहेत आणि परतीची शेवटची चुकली तर एक रात्र वाढते. म्हणून कोल्काहून परतायच्या संध्याकाळी विमान ठेवू नका. पावसाने दरड पडते, गाडी बिघडते, आणि दक्षिण पेरूत संप आणि रस्ता रोको हा प्रकार अधूनमधून होतोच. डिसेंबर २०२२ नंतरच्या आंदोलनांत इथले महामार्ग आठवडेच्या आठवडे अडले होते. निघायच्या आदल्या दिवशी हॉटेलात 'आय पारो?' एवढं विचारायचं. संप आहे का, असा त्याचा अर्थ.

पुनोला पुढे जाणार असाल तर आरेकिपाला परतायची गरज नाही. दोन दिवसांच्या काही सहली चिवायहून थेट पुनोला सोडतात, पाच-सहा तासांचा रस्ता, वाटेत लागुनियासचं तळं. असा बेत केला तर 'कोल्कासाठी वेगळे दोन दिवस' हा खर्च निम्म्यावर येतो, कारण पुनोच्या प्रवासाचा दिवस तसाही जाणारच होता. सामान मात्र मग सोबत न्यावं लागतं, म्हणजे दरीत उतरणाऱ्यांना ही युक्ती तितकी सोयीची नाही. ट्रेक करून पुनो गाठायचं असेल तर मोठी बॅग काबानाकोंदेच्या मुक्कामी ठेवून खाली जा.

आणि ज्यांना कोल्का फारच रुळलेलं वाटतं त्यांच्यासाठी कोताग्वासी. माहितीपत्रकांत तिचा आकडा ३,५३५ मीटर, म्हणजे कोल्काहून जास्त. मोजायची पद्धत तीच, शिखरापासून. आरेकिपाहून रात्रीची बस, दहा-बारा तास, कोरोपुना ज्वालामुखीच्या अंगाने. कोताग्वासी गाव २,६८० मीटरवर असल्याने झोप सुखाची. सिपियाचा धबधबा दीडशे मीटरचा. परदेशी प्रवासी तुरळक, इंग्रजी बोलणारे त्याहून तुरळक. चार दिवसांपेक्षा कमी असतील तर तिकडे वळू नका, दोन रात्री बसमध्येच जातात.

एकच मोकळा दिवस असलेल्यांनी आरेकिपात थांबावं. १५७९ साली स्थापन झालेला सांता कातालिना मठ नीट बघायला अर्धा दिवस लागतो. सांतुआरियोस आंदिनोस संग्रहालयात 'हुआनिता' आहे, १९९५ मध्ये आंपातो शिखरावर सापडलेली, बर्फाने जपलेली इंकाकालीन मुलगी. जानेवारी ते एप्रिल मात्र तिला विश्रांती देऊन दुसरी ममी ठेवतात, तेव्हा तिच्यासाठी जात असाल तर आधी विचारून घ्या. आत थंडी आणि अंधार असतो, स्वेटर न्या.